'भोंगा' बघून बाहेर पडताना

नाटक संपलं की पडदा पाडणाऱ्याचं काम संपतं. दारावरच्या माणसाचं तेव्हा सुरू होतं. सगळी माणसं एका अरुंद दारातून बाहेर पडत असतात आणि प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं. दारावर जो उभा असेल त्याला ते ऐकावंच लागतं. आमच्या 'भोंगा' नाटकाच्या दारावर मी उभा असायचो. ऐकलेलं घरी जाऊन उतरवून ठेवायची मला जुनी सवय. बाकीच्यांनी नाटकाचे फोटो जपून ठेवलेत, माझ्याकडं नुसती लोकांची मतं साठली आहेत! परवा कंपूत पुन्हा 'भोंगा'चा विषय निघाला आणि वाटलं, त्यातली थोडी तरी सांगून टाकावीत.

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बहात्तरचा दुष्काळ सरला त्यानंतरचे ते दिवस. मी सोलापुरात गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. आमच्याच गिरणीत दत्ता नावाचा एक पोरगा कापडाच्या नक्ष्या कागदावर उतरवायचा. त्यानं पुण्याहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती आणि ती वाजवायला शिकला होता. शेजाऱ्यांच्या मते अजून शिकायचा होता.

नाटकात नवीन गाणं एकही नव्हतं. सगळी गाणी नरसय्या मास्तरांची. मास्तर आमच्या गिरणीतले विणकर. सगळी उमर साचेखात्यात मागावर गेली. गिरणीत मागाला साचाच म्हणतात. पण गणपतीत त्यांचा मेळा निघायचा, आणि त्या मेळ्यासाठी त्यांनी रचलेली गाणी चाळीचाळीतून लोकांना पाठ होती. दत्तानं ती गाणी गिरणीतल्या एका कामगाराच्या गोष्टीत ओवली, ढोलकीच्या जागी ड्रम आणले, पेटीच्या जागी गिटार घेतली आणि बोर्डावर रंगवून घेतलं, 'रॉक संगीत नाटक'.

मास्तरांची परवानगी घ्यायला तो गेला तेव्हा मी बरोबर होतो. मास्तरांनी सगळं त्याच्या तोंडाकडं बघत शांतपणे समजून घेतलं आणि म्हणाले, "गाणी घे. पर मी येऊन बघंन. मला पटलं न्हाय तर पडदा पाडायचा, परत वर करायचा न्हाय. कबूल?"

"कबूल, मास्तर."

सहा वर्षांचा असताना दत्ता ह्याच माणसाच्या खांद्यावर बसून मेळ्यात गायला होता. दुसरं काय म्हणणार?

त्यामुळं 'भोंगा'चा प्रत्येक प्रयोग शेवटचा ठरू शकत होता. पण मास्तर काही येईनात.

*

पहिल्याच प्रयोगाला हॉलची फाळणी झाली. पुढच्या रांगांत वकील, डॉक्टर, कॉलेजातली मंडळी. मागं सगळं साचेखातं. ड्रमवर पहिली थाप पडली आणि पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी खिशातून कापूस काढला. स्वतःच्या कानात घातला, बायकोला दिला, मग शेजारी मागायला लागले. दहा मिनिटांत तो कापूस दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला!

त्याच वेळी मागून आरोळी आली, "ए, आवाज वाढवा की!"

दत्ता गोंधळला. पुढं बघावं तर कापूस, मागं बघावं तर बोंब. त्यानं आवाज तसाच ठेवला.

सुटल्यावर एक विणकर दारात थांबला. मी विचारलं, "कसं काय वाटलं?"

"चांगलं हाय की. पर भाऊ, लई हळू वाजवत्यात."

*

ह्यात त्या विणकराची काही चूक नव्हती. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असतात. तिथं शेजारच्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, चहा आला, सगळ्याला खुणा आहेत. आणि डावी मूठ आवळून अंगाकडं ओढली की त्याचा अर्थ, "हँडल ओढ, साचा चालू कर."

नाटकात नायकाचं काम करणारा गडीही विणकरच होता. तिसऱ्या का चौथ्या प्रयोगाला तो नाटकातल्या बायकोची समजूत घालता घालता मधेच अडला. विंगेतून प्रॉम्प्टर जीव तोडून सांगतोय, पण ह्याचं लक्षच नाही. हा हॉलच्या शेवटच्या रांगेकडं बघतोय! तिथं त्याचा मागावरचा जोडीदार बसला होता. त्याला सगळं नाटक पाठ. तो नुसते ओठ हलवत होता आणि आमचा नायक इकडं बायकोचा हात धरून, तिच्याकडं न बघता, वाक्यामागून वाक्य म्हणत होता.

मग मागच्या दोन-तीन रांगांनी एकदम डाव्या मुठी ओढल्या. चालू कर, चालू कर!

प्रवेश झकास झाला. प्रॉम्प्टर मात्र रुसला. मला म्हणाला, "भाऊ, उद्यापासून मला त्या शेवटच्या रांगेत खुर्ची द्या."

*

पहिल्या रांगेत मधली खुर्ची आम्ही मोकळी ठेवायचो, मास्तरांसाठी. तिच्यावर एक चादर घडी करून टाकलेली असे, म्हणजे कुणी बसू नये.

एका प्रयोगाला कुणी बडे अधिकारी उशिरा आले. अंधारात त्यांनी चादर उचलून मांडीवर घेतली आणि बसले. पहिलं गाणं रंगात आलं होतं. आमचा ड्रमवाला युसूफ म्हणजे मूळचा लग्नाच्या बँडमधला. वाजवता वाजवता त्याची नजर खाली गेली. त्यानं काठ्या खाली ठेवल्या, स्टेजवरून उडी मारली आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साब, उठो. इस कुर्सी पो आदमी बैठेला है."

साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. "कुठं आहे आदमी?"

"आनेवाला है."

साहेब भले माणूस. उठले, चादर होती तशी घडी घालून ठेवली आणि भिंतीला टेकून उभ्यानं नाटक बघितलं. जाताना मला हळूच विचारलं, "आला का हो तो?"

नव्हता आला.

*

भालेराव सर म्हणजे आमच्या गावातले टीकाकार. शाळेत संस्कृत शिकवायचे आणि इथल्या दैनिकात नाटकांवर लिहायचे. त्यांनी 'भोंगा'वर लिहिलं, "ही गाणी ज्यांनी मेळ्यात ऐकली आहेत, त्यांनी आपले कान घरी ठेवून जावे."

दत्तानं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि तिकीट खिडकीशेजारी लावलं. पुढचा प्रयोग हाउसफुल्ल!

त्या प्रयोगाला सर पुन्हा आले. मी म्हणालो, "सर, आपण तर लिहिलंत ना?"

"लिहिलं. पण मत पक्कं करायला आलोय."

मग पुढच्या वेळी आले. त्याच्या पुढच्याही. मत काही पक्कं होईना. एकदा मी त्यांच्या मागेच उभा होतो. गाणं जोरात सुरू, आणि सरांचा उजवा पाय ठेक्यावर चाललेला. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. पाय जागच्या जागी थांबला.

"मुंग्या आल्यात," सर म्हणाले.

*

सरांचा आणखी एक किस्सा आहे, आणि तो सांगायचा तर आधी विड्यांचं सांगायला हवं.

आमच्याकडं घराघरात बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. दिवसाची हजार विडी पुरी झाली तर हातात चार पैसे. एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला बायकांचा एक घोळका आला तो सुपं घेऊनच! मी दारात अडवलं. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, हात रिकामे ठिवून कसं बसायचं? आमाला बसवत न्हाय."

मलाही नाही म्हणवेना. बसल्या. ड्रम सुरू झाले तसे त्यांचे हात त्या तालावर पळायला लागले. आमच्या स्टेजवरनं बघितलं तर दोन रांगा नुसते हात नाचताहेत.

आता झालं असं की भालेराव सर नेमके त्यांच्या पुढं बसलेले. दुसऱ्या अंकात नायकाचं मूल आजारी असतं, तो प्रवेश आला. पंखे जोरात, तंबाखूची भुकटी सगळी पुढं. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नाक लाल, रुमाल भिजला. पलीकडच्या माणसानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बातमी रांगेरांगेतून मागं गेली, "सर रडले, सर रडले!" मग सगळा हॉलच रडला. इतका चांगला प्रयोग पुन्हा झाला नाही.

बाहेर पडताना सर मला म्हणाले, "तंबाखू होती." मग दोन पावलं जाऊन परत आले. "म्हणजे, सुरुवातीला."

बायका सगळ्यांत शेवटी निघाल्या. मी विचारलं, "काय, आवडलं का?"

"लई ग्वाड! रोज लावा की हो. माजी हजार विडी आज दिस मावळायच्या आधी व्हतीय बगा!"

*

कुर्डुवाडीच्या रेल्वे कामगारांनी आम्हाला बोलावलं. तिथं वर्कशॉप, त्यामुळं प्रेक्षक सगळे कामावरून तसेच आलेले. अंगावर खाकी कपडे, खुर्चीखाली डबा.

आमच्या नाटकाच्या पहिल्या अंकात मधेच गिरणीचा भोंगा वाजतो. त्यासाठी दत्तानं हातानं फिरवायचा एक भोंगा पैदा केला होता. सोलापुरात आम्ही तो जरा जपूनच वाजवायचो. कुर्डुवाडीत स्टेजमागं जागा ऐसपैस होती, म्हणून पोरांनी हौसेनं गरागरा फिरवला.

आणि सगळा हॉल उठला!

खुर्चीखालचे डबे हातात आले, टोप्या डोक्यावर चढल्या आणि माणसं शिस्तीत दाराकडं निघाली. मी दारात दोन्ही हात पसरून उभा. "अहो, नाटकातला आहे भोंगा! बसा, बसा!" पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले. स्टेजवर नायक एकटा, तोंड उघडं.

हळूहळू एकमेकांकडं बघून हसत सगळे परत बसले. एक वयस्कर फिटर तेवढा माझ्याजवळ थांबला. डबा काखेत घट्ट धरून म्हणाला, "माफ करा हं सायेब. भोंगा वाजल्यावर बसून ऱ्हायला आमाला कुनी शिकवलंच न्हाय."

सोलापूरला परतताना दत्ता गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "भाऊ, तिथं कुर्डुवाडीला आमची गाणी ऐकायला माणसं कामावरनं उपाशी आली. मास्तरांचं घर हॉलपासून चार गल्ल्या. रागावलेत ते. चाली बिघडवल्या म्हणून रागावलेत. तोंडावर सांगवत नाही, म्हणून येत नाहीत."

मलाही तसंच वाटत होतं.

*

मंगळवेढ्याला उघड्यावर प्रयोग झाला. काळ्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती. विजेचा दाब इतका कमी की गिटार डास गुणगुणावा तशी वाजत होती. दत्ता वैतागलेला. त्याला त्या दिवसांत एकच वेड लागलेलं. जो कुणी म्हातारा दिसेल त्याला गाठून विचारायचं, "आजोबा, जुनी चाल बरी का ही बरी?" जणू प्रत्येक म्हातारा म्हणजे मास्तरच.

इथंही त्यानं एका मुंडासेवाल्याला गाठलं.

म्हातारा विचार करून म्हणाला, "गानी आपलीच हायती की. वळखीची. पर लई घाईत हायती. फाट्यावर यष्टी हुबी ऱ्हायल्यावानी म्हनत्यात."

दत्ताचा चेहरा पडला. "म्हणजे आवडली नाहीत?"

"आसं कुटं म्हनलो?"

"मग आवडली?"

म्हाताऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. "आरं बाबा, माजी यष्टी गेली की ह्यात! आता तुमच्याच टेंपोत बसायचं हाय मला. आजून काय सांगू?"

*

शेवटी मीच मास्तरांच्या घरी गेलो. दत्ताला न सांगता गेलो.

मास्तर घरात नव्हते. त्यांची मुलगी लक्ष्मी उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. लग्न होऊन ती शेजारच्याच गल्लीत होती, पण आई गेल्यापासून दिवसभर वडिलांकडंच असायची.

मी म्हणालो, "लक्ष्मी, मास्तर रागावलेत का? खरं काय ते सांग. नाटक बंद करायचं असेल तर बंद करू. पण त्या पोराला असं टांगून ठेवू नका."

तिनं मान वर केली नाही. हात चालूच. मग म्हणाली, "भाऊ, कुणाला सांगू नका हां. नायनांना ऐकूच येत न्हाय."

नायना म्हणजे तेलुगूत वडील.

"पूर्वी थोडं यायचं. आता दोन वर्षं झाली, कायच न्हाय. तुमी बोलता ते ओठांवरनं वळखत्यात, म्हणून कुणाला कळत न्हाय. पेटीचा सूर तर कधीचाच ऐकू येत न्हाय त्यांना. घरात गुणगुणत्यात, ते बी मनात." तिनं एक विडी वळून बाजूला टाकली. "दरवेळी चादर येती ना खुर्चीवर? मला कुणीतरी सांगितलं. मी त्यांना सांगितलं. तर म्हणाले, 'येतो म्हनून बसलो, पर मी जाऊन काय करू? बसंन भिंतीवानी. पोरगं येऊन विचारंल, मास्तर, पटलं का? मी काय सांगू त्याला? खोटं बोलू?'"

मी परत आलो तो सरळ तालमीच्या खोलीवर गेलो. लक्ष्मीनं सांगू नका म्हटलं होतं, पण मला राहवलं नाही. दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं. तो खाली बसला. गिटारच्या तारेवरनं नुसता अंगठा फिरवत राहिला. सहा महिने तो ज्या रागाला घाबरत होता, तो राग नव्हताच. पण आता काय करायचं, तेही सुचेना. ज्याला ऐकू येत नाही त्याला गाणं कसं पटवायचं?

युसूफ कोपऱ्यात ड्रमचं कातडं ताणत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"हमारे अब्बा कू बी सुनने नै आता था," तो म्हणाला. "बँड में चालीस साल ढोल बजाए ना. बाद में ढोल पो हात रख को बैठते थे. कौन बजा रा, क्या बजा रा, सब बोलते थे."

दत्तानं वर बघितलं.

"मेरा ड्रम आगे लाओ," युसूफ म्हणाला. "बिल्कुल आगे. और मास्तर की कुर्सी स्टेज कू चिपका को रखो."

*

मास्तर आले. युसूफची युक्ती मी लक्ष्मीच्या कानावर घातली होती, त्यांना आणायचं काम तिनं केलं.

रविवारचा दुपारचा प्रयोग होता. धोतर, काळा कोट, काळी टोपी, एक हात लक्ष्मीच्या खांद्यावर. हॉलमध्ये शिरले तसे मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. खुर्चीवरची चादर मास्तरांनी स्वतः उचलली आणि मांडीवर घेतली. खुर्ची स्टेजला अगदी खेटून होती. लक्ष्मीनं त्यांचा उजवा तळवा धरून स्टेजच्या फळ्यांवर ठेवला. त्यांनी तिच्याकडं बघितलं. हात मात्र तिथंच राहू दिला.

पहिला अंक झाला. मास्तरांचा चेहरा दगडाचा. तळवा फळ्यांवर.

मध्यंतरात दत्ता विंगेत घामाघूम. लक्ष्मीला हाक मारून विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा मागितला."

"आणखी?"

"साखर कमी हाय म्हणाले."

दुसरा अंक झाला. शेवटचं गाणं आलं. हे मास्तरांचं सगळ्यांत जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं. मेळ्यात ते अगदी संथ म्हणायचे, पाळणा हलवावा तसं. दत्तानं ते धावतं केलं होतं, आणि सगळ्यांत जास्त शिव्या त्यानं ह्याच गाण्यासाठी खाल्ल्या होत्या.

नायिकेनं सुरू केलं, "तुटला धागा, जोडू दे गं..."

आणि वीज गेली.

दिवे गेले, माइक गेला, गिटार गेली. नायिका घाबरून थांबली. युसूफ तेवढा थांबला नाही. लग्नाच्या बँडमधला माणूस तो. गॅसबत्ती विझली म्हणून वरात थांबत नाही, हे त्याच्या हातांनाच माहीत. अंधारात नुसता ड्रम चालू राहिला. मी धावत जाऊन बाजूची दारं उघडली. दुपारचं ऊन आत आलं.

तेव्हा दिसलं. मास्तर गात होते.

खुर्चीत बसूनच. तळवा फळ्यांवर, डोळे मिटलेले. त्यांच्या लेखी गाणं थांबलंच नव्हतं. साचेखात्यात मागांच्या धडधडीवर चढवावा असा तो आवाज, फाटका, मोठा, सगळ्या हॉलला पुरणारा.

"तुटला धागा, जोडू दे गं,
थांबला साचा, चालू दे गं..."

आणि संथ नाही. युसूफच्या ठेक्यावर. धावतं.

दत्ता विंगेतून बाहेर आला. गळ्यात मुकी गिटार. मास्तरांनी सगळी कडवी म्हटली, एक शब्द चुकला नाही. ड्रम थांबला तसा तळव्याखालचा ठेकाही थांबला, आणि मास्तरांनी डोळे उघडले.

टाळी वाजली नाही. कुणी हात उचलला आणि तसाच थांबला. टाळी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, हे मागच्यांना तर पहिल्यापासून ठाऊक असावं. साचेखात्यातल्या माणसांपासून असल्या गोष्टी लपत नसतात.

मग शेवटच्या रांगेत एक डावी मूठ वर आली. अंगाकडं ओढली. पुन्हा वर, पुन्हा ओढली. तिच्या शेजारी दुसरी. मग पुढची रांग. विड्यावाल्या बायकांनी सुपं बाजूला ठेवली. भालेराव सरांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि त्यांनीही मूठ आवळली, उजवी. शेजारच्यानं ती खाली करून डावी वर करून दिली.

लक्ष्मीनं मास्तरांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना मागं वळवलं. मास्तर चादर सावरत उठले. उघड्या दारांतून आलेल्या उन्हात त्या मुठींकडं बघत राहिले. किती वेळ कुणास ठाऊक. टोपी काढली, पुन्हा घातली.

"माजा दम गेला आता," ते म्हणाले. "मी न्हाय. ते पोरगं म्हनंल."

मग स्टेजकडं वळले. "ओरे दत्ता!"

दत्तानं गिटार पुढं केली, मान हलवली. ओठांनी सावकाश सांगितलं, "मास्तर, लाइट नाही."

"लाइट त्या गिटारला लागती. तुला कशाला लागती? खांद्यावर हुतास तवा काय लाइट हुती?"

दत्तानं गिटार गळ्यातून काढली आणि खाली ठेवली.

मास्तर परत खुर्चीत बसले. चादर मांडीवर घेतली, उजवा तळवा फळ्यांवर टेकवला. युसूफकडं बघितलं. आणि डावी मूठ आवळून अंगाकडं ओढली.